मोठ्या सुनेची बँडविड्थ

आमच्या घरात दोन सुना आहेत आणि दोघीही अँटेना बनवतात. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग तुमच्याकडे टीव्ही अगदी स्वच्छ दिसत असेल?" दिसत नाही. चाललेलं चित्र मध्येच थांबतं आणि सासूबाई आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघतात.

मोठी सून म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. मी त्यांना वहिनी म्हणते. आमच्या संस्थेत त्या थाळी विभागाच्या प्रमुख आहेत. थाळी म्हणजे गच्चीवर दिसते ती खोलगट डिश. मी फळा विभागाची प्रमुख. त्या विभागात मी, एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची आहे. पाहुणा आला की खुर्ची त्याला देऊन मी उभी राहते. वहिनींच्या विभागात आठ माणसं, दोन खोल्या आणि चहाची वेगळी किटली.

फळ्याचं खरं नाव रिफ्लेक्टअरे. पण हे नाव घेऊन कोणाचं भलं झालेलं नाही, म्हणून आम्ही फळाच म्हणतो. सपाट पत्रा, त्यावर तांब्याचे हजारो बारीक चौकोन छापलेले, आणि पुढे दांड्यावर एक छोटा कर्णा. कर्ण्यातून निघालेली लहर फळ्याच्या मध्यावर लवकर पोचते, कोपऱ्यांवर उशिरा. थाळीत हा प्रश्न नाही, कारण तिच्या कडा पुढे वळलेल्या असतात आणि सगळ्यांना सारखंच अंतर पडतं. फळ्याला कडा वळवता येत नाहीत. म्हणून जी लहर लवकर आली तिला तिथला चौकोन जरा थोपवून धरतो, जी उशिरा आली तिला लगेच सोडतो, आणि सगळ्या एका पावलात बाहेर पडतात. प्रत्येक चौकोनाचं माप वेगळं, कारण प्रत्येकाने किती थोपवायचं ते वेगळं. आहे की नाही सुंदर? वहिनी म्हणतात, "सुंदर आहे. सोंगही सुंदरच असतं."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हीच तर पंचाईत. या कामात एक सवलत घेतलेली असते. एखाद्या लहरीला तीन पूर्ण फेऱ्या आणि वर थोडं थोपवायचं असेल, तर आम्ही तीन फेऱ्या माफ करतो आणि वरचं थोडंच थोपवतो. मैदानाला तीन फेऱ्या मारून आलेला आणि जागचा न हललेला, दोघं शेवटी एकाच रेषेवर उभे दिसतात, तसंच हे. पण हे एका फ्रिक्वेन्सीपुरतंच खपतं. फ्रिक्वेन्सी जरा बदलली की माफ केलेल्या फेऱ्या वर येतात आणि सगळ्यांची पावलं चुकतात. एका सुरात फळा थाळीच्या तोंडात मारेल असा गातो, आणि सूर जरा सरकला की भसाडा. किती सरकलेलं चालेल, त्याला म्हणायचं बँडविड्थ. माझं अख्खं आयुष्य ती रुंद करण्यात चाललं आहे.

आता मूळ भानगड. खेडोपाडी फिरणाऱ्या दवाखान्याच्या गाड्यांना उपग्रहाशी बोलणारी अँटेना हवी होती. या गाड्यांचा कारभार बघणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, आमच्या साहेबांच्या खोलीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला तुमचं शास्त्र कळत नाही. गाडीतून तज्ज्ञाला पेशंटचा फोटो गेला पाहिजे आणि त्याचं उत्तर आलं पाहिजे. आणि गाडी पुलाखालून गेली पाहिजे." पुलाखालून म्हटल्यावर मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. थाळी छपरावर टोपलीसारखी उभी राहते. फळा छपराला चिकटून झोपतो.

साहेबांनी दोन्ही विभागांना नमुना करायला सांगितलं आणि शेवटी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "दोन विभाग पोसणं आता जमणार नाही. ज्यांची अँटेना निवडली जाईल, त्यांच्यात दुसरा विभाग सामील होईल."

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीकडे पाहत होत्या. घरी मी त्यांच्या हाताखाली आहेच. भाजी किती बारीक चिरायची, चादर कुठल्या बाजूने वाळत घालायची, पाहुण्यांसमोर कुठल्या विषयावर बोलायचं नाही, हे सगळं त्या ठरवतात आणि वाईट म्हणजे बरोबर ठरवतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढीच काय ती माझी मी असते. ती नऊ तासांची वेळही त्यांच्या हाती गेली तर मी झोपेतच काय ती स्वतंत्र राहणार होते.

मी कामाला लागले. आमच्या संस्थेत एक प्रथा आहे. मोठ्या व्हरांड्यात एक भिंत आहे, तिला सगळे शिखरांची भिंत म्हणतात. अँटेना जास्तीत जास्त किती जोर देते, त्या आकड्याला शिखर म्हणायचं. कोणी जुना उच्चांक मोडला की साहेब कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर ते दाखवणाऱ्या आलेखाची फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे उभं करून दाखवतात. वहिनींची फ्रेम मधोमध आहे. तिच्या काचेवर माझी नजर रोज सकाळी पडते आणि माझा दिवस तिथेच अर्धा नासतो.

तेव्हा मी काय केलं असेल ते उघड आहे. एकेक चौकोन घासूनपुसून असा बसवला की लहर पाठवायच्या फ्रिक्वेन्सीवर एकाचंही पाऊल केसभर इकडे तिकडे होऊ नये. उपग्रहाचं ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, पण शिखर पाठवायच्या जागीच मोजायची पद्धत. फळा छापून आला, मोजणीच्या खोलीत चढवला, आणि उच्चांक मोडला. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. आलेख फ्रेमवाल्याकडे गेला. फ्रेम लहान निघाली म्हणून फ्रेमवाल्याने आलेखाच्या दोन्ही बाजू कापल्या आणि मधलं शिखर तेवढं काचेत बसवलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट शिखर आणखीच उंच वाटत होतं.

डॉक्टरीणबाई बघायला आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "हे बोलण्याचं झालं. आणि ऐकू कुठे येतं?"

ऐकण्याची फ्रिक्वेन्सी फ्रेमवाल्याच्या कचऱ्याच्या डब्यात होती.

संध्याकाळी घरी मी काही बोलले नाही, पण बातमी वहिनींबरोबर घरी आलेलीच होती. सासूबाईंनी विचारलं, "नेमकं काय बिघडलंय गं तुझ्या फळ्याचं?"

"बोलतो चांगला, पण ऐकत नाही, आई."

"मग त्यात बिघाड कसला?" सासूबाईंनी पेपरमागे बसलेल्या सासऱ्यांकडे बघितलं. "चाळीस वर्षं चालतंय की."

सासऱ्यांनी ऐकलं नाही.

पुढचे काही आठवडे मी बँडविड्थ रुंद करायचे सगळे उपाय करून पाहिले. आधी चौकोनावर चौकोन चढवला, मध्ये फोमचा थर. फरक पडला, पण फळा गादीसारखा जाड झाला. मग चौकोन लहान केले आणि दाटीवाटीने बसवले. आणखी थोडा फरक पडला. मग कर्णा लांब नेला, म्हणजे मध्य आणि कोपरा यांच्यातला भेद कमी होतो. दांडा इतका लांब झाला की कर्णा गाडीच्या पुढे लोंबकळू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दांडा पहिल्याच वळणावर कोणाच्या तरी खिडकीतून आत जाईल." दांडा गेला.

मग मी फळा दुमडला. मधला भाग सपाट आणि दोन बाजूंच्या पाकळ्या जरा पुढे. हा उपाय खरोखरच नामी आहे, कारण कडा कर्ण्याकडे आल्या की फेऱ्या माफ करायची वेळच कमी येते. तीन पाकळ्यांनी काम झालं नाही म्हणून पाच केल्या. पाचांनी बरंच झालं म्हणून नऊ करायचा आराखडा काढला. तो आराखडा टेबलावर पसरून मी खुशीत बसले होते तेवढ्यात वहिनी काही कामाने आल्या. त्यांनी आराखडा डोकं तिरकं करून पाहिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आणखी एकदोनदा दुमड. थाळीच होईल."

आणि गेल्या. मी पाहिलं तर खरंच थाळी होत होती. घरातली एक थाळी हरवायला मी दुसरी थाळी करायला बसले होते, आणि तीही आधीच्यापेक्षा वाईट. पुलाखालून तीसुद्धा गेली नसती. मी आराखडा चुरगळला. दोन थर आणि लहान चौकोन एवढे दोनच उपाय हाती उरले, आणि त्यांनी ऐकण्याच्या बाजूला अजून बरीच कसर राहत होती. चाचणी तोंडावर आली होती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. बाहेरच्या खोलीत दोघं भाऊ टीव्हीच्या वायरी हलवत होते. मी शेंगा अशा सोलत होते की दाणे भिंतीवर उडत होते. वहिनींनी एक दाणा कपाटाखालून काढला, धुतला आणि भांड्यात टाकला.

"तुझा प्रत्येक चौकोन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तुझं चुकतंय."

"म्हणजे?"

"पाठवायच्या जागी तू एकालाही चुकू देत नाहीस. मग सगळी चूक उरते ती ऐकण्याच्या जागी जाऊन साठते. प्रत्येक चौकोनाला दोन्हीकडे थोडं थोडं चुकू दे. इथेही थोडं, तिथेही थोडं."

"शिखर खाली येईल."

"येऊ दे. ती गाडी शिखर घेऊन काय करणार? कमीत कमी किती जोर हवा याची उपग्रहवाल्यांनी आखून दिलेली रेघ आहे, तिच्या वर राहिलं की झालं."

खोटं कशाला बोलू, हा उपाय मला माहीत होता. अनेक फ्रिक्वेन्सी एकदम धरून चौकोन निवडायचे, हे मी कितीतरी ठिकाणी वाचलं होतं. पण वाचलेलं आपल्यासाठी नसतं, ज्यांना शिखर गाठता येत नाही त्यांच्यासाठी असतं, अशी माझी समजूत. मी म्हटलं, "हे तुम्हाला कसं सुचलं? थाळीला तर याची गरजच पडत नाही."

"थाळीचं काय घेऊन बसलीस?" वहिनी म्हणाल्या. "या घरात मी एवढी वर्षं दुसरं काय करते आहे? सासऱ्यांना चहा कडक लागतो, सासूबाईंना पातळ. तुझ्या दिरांना पंखा हवा, तुझ्या नवऱ्याला नको. एकाचं सगळं मनासारखं केलं की बाकीच्यांची तोंडं फुगतात. म्हणून मी सगळ्यांना थोडं थोडं नाराज ठेवते. खूश कोणीच नाही, पण घर सोडून कोणी जात नाही."

मी मटार सोलायची थांबले. इतकी वर्षं मला वाटत होतं की चहा मुद्दाम फक्त माझ्याच मनाविरुद्ध होतो.

मग संशय आला. माझा स्वभावच तसा. "तुम्ही मला का सांगताय? मी हरले तर तुमचाच फायदा आहे."

"कसला फायदा? तू हरलीस तर माझ्या हाताखाली येणार. घरी दिवसभरात तू मला जेवढं उलट बोलतेस तेवढं मला पुरतं. ऑफिसातही तेच ऐकायला मी काय पाप केलंय?"

"आणि मी जिंकले तर तुम्ही माझ्या हाताखाली याल."

"तेव्हाचं तेव्हा बघू," वहिनी म्हणाल्या. "दाणे भांड्यात टाक."

दुसऱ्या दिवसापासून मी माझा फळा बिघडवायला बसले. दुसरा शब्द नाही. जो चौकोन बरोबर आहे त्याचं माप जरासं बदलायचं, इकडची चूक वाढताना बघायची, तिकडची कमी होताना बघायची, आणि दोन्ही सारख्या झाल्या की पुढच्याकडे जायचं. कॉम्प्युटर काम करत होता, पण जीव माझा तुटत होता. मुलाच्या छान अक्षरातल्या वहीवर आईनेच शाई सांडावी तसं ते होतं. पडद्यावरचं शिखर रोज थोडं खचत होतं आणि ऐकण्याची बाजू रोज थोडी वर येत होती. शेवटी आलेख डोंगरासारखा दिसेनासा झाला आणि टेबलासारखा दिसू लागला. साहेब खोलीत आले की मी पडद्यावर ईमेल उघडायचे.

चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे मोजणीच्या खोलीबाहेर जमलो. त्या खोलीच्या भिंतींना काळ्या फोमचे सुळके लावलेले आहेत. आत शिरलं की आवाजाचा जीवच जातो. साहेबांना ती खोली आवडत नाही, कारण आत त्यांचं बोलणं त्यांनाच नीट ऐकू येत नाही. आधी वहिनींची थाळी चढली. बोलण्यात उत्तम, ऐकण्यात उत्तम, जसं असायचं तसं. मग थाळी उतरवून माझा फळा चढवला. पडद्यावर रेघ सरकू लागली. ऐकण्याच्या टोकापासून निघाली आणि आखून दिलेल्या रेघेच्या जरा वरून, आडवी, बोलण्याच्या टोकापर्यंत जाऊन थांबली. कुठे चढ नाही, उतार नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शिखर कुठे आहे?"

"नाही, साहेब."

"नाही म्हणजे? गेल्या वेळी तर उच्चांक होता. हे कोणी केलं?"

"मी केलं. मुद्दाम केलं."

साहेबांचा चेहरा असा झाला, जणू मी संस्थेच्या इमारतीचा वरचा मजला विकून आलेय. "मग भिंतीवर काय लावायचं?" ते म्हणाले. आता वहिनी एक शब्द बोलल्या असत्या, नुसतं 'अरेरे' म्हणाल्या असत्या, तरी मी गेलेच होते. वहिनी हातातल्या फाइलीवरची धूळ झटकत होत्या.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे ऐकण्याचं टोक ना? आणि हे बोलण्याचं? दोन्हीकडे रेघेच्या वर आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"आणि हे पुलाखालून जाईल."

"जाईल."

"मग हेच द्या," त्या म्हणाल्या आणि घड्याळ बघून निघून गेल्या. त्यांना पेशंट होते.

साहेबांना दोन मिनिटं लागली. मग त्यांनी ठरल्याप्रमाणे जाहीर केलं की थाळी विभाग फळा विभागात सामील होईल आणि मी दोन्हींची प्रमुख. वहिनींची आठ माणसं एकमेकांकडे बघू लागली. मला वाटलं होतं या क्षणी मला आनंद होईल. कित्येक रात्री मी याच क्षणाची उजळणी करत झोपले होते. पण वहिनी सगळ्यांच्या मागे, फाइल छातीशी धरून, आमच्या दारात पाहुणा उभा राहतो तशा उभ्या होत्या, आणि मला फार वाईट वाटलं.

"साहेब," मी म्हटलं, "हाताखाली नको. आम्ही दोघी बरोबरीने बघू."

"बरोबरीने नको," मागून वहिनी म्हणाल्या. "बरोबरीने म्हणजे रोज भांडण. हाताखाली ठीक आहे, साहेब. हाताखालच्या माणसाला सहा वाजता घरी जाता येतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या टेबलासमोर आल्या. मी सवयीने उठून खुर्ची त्यांना दिली. त्या बसल्या नाहीत.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही मागितलेली मोजणी झाली आहे. कधी दाखवू?"

मला आधी वाटलं त्या चेष्टा करताहेत. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. त्यांची आठ माणसं दारातून बघत होती.

"वहिनी, असं नका ना बोलू."

"ऑफिसात कोण वहिनी?" त्या हळूच म्हणाल्या. "ही सगळी बघताहेत. मी मॅडम म्हटलं नाही तर तेही म्हणणार नाहीत. मग तुला काम कोण करून देणार? तुझं बस्तान बसेपर्यंत तरी ऐक." आणि मोठ्याने, "तर मग तीन वाजता दाखवू, मॅडम?"

"चालेल," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच.

दिवसभर तसंच चाललं. त्यांनी दार वाजवून परवानगी मागितली. माझी एक चूक त्यांना दिसली, ती त्यांनी कागदावर लिहून, कागद उलटा करून माझ्या टेबलावर ठेवला, कोणाला कळू दिलं नाही. चहाची किटली माझ्या खोलीत आणून ठेवली. मी ज्याला स्वातंत्र्य म्हणत होते ते सगळं माझ्या टेबलावर मांडून ठेवलं होतं, आणि मला सारखं रडायला येत होतं. सहा वाजता वहिनी पर्स उचलून "येते, मॅडम" म्हणून गेल्या. साहेबांना आठ माणसांच्या रजांचा हिशेब आजच हवा होता, म्हणून मी बसून राहिले.

घरी पोचले तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. मी उभ्याउभ्याच जेवू लागले. वहिनी ओटा पुसत होत्या. माझ्याकडे पाठ करूनच त्या म्हणाल्या, "उशीर केलास. आणि उभ्याने काय जेवतेस, घोडा आहेस का? खाली बस. जेवून झालं की भांडी घास, आज तुझी पाळी आहे. कढई नीट घास, परवा तशीच तेलकट ठेवली होतीस."

एरवी मी म्हटलं असतं की परवा माझी पाळी नव्हती. खरंच नव्हती. मी म्हटलं, "हो, वहिनी," आणि खाली बसून जेवले. मग कढई दोनदा घासली.